बिवळ्याची परीक्षा

बिवळ्याच्या गाभ्याचे लाकूड कोरून केलेल्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवले, की सकाळी ते तांबूस-तपकिरी झालेले असते आणि उजेडाकडे तिरके धरले तर त्यावर निळसर झाक दिसते. हे पाणी उपाशीपोटी प्यायले की साखर उतरते, असे मानणारी घरे कोकणात आहेत, विदर्भात आहेत, कर्नाटक-केरळातही आहेत. जत्रेत, प्रदर्शनात, काष्ठौषधींच्या दुकानात आणि आता मोबाइलवरून मागवूनही हे पेले मिळतात. पाणी फिके येऊ लागले की पेल्यातला कस संपला असे समजायचे आणि दुसरा आणायचा. डॉक्टरांना यातले सहसा कोणी सांगत नाही.

हा उपचार खरोखर काम करतो का, याचा शोध घेताना हे पुस्तक घडत गेले. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका अक्षरात देता आले असते तर एवढी पाने लिहावी लागली नसती. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याकडे वनस्पतींची तपासणी झालीच नाही, हे खरे नाही. गेली शंभर वर्षे ती होत आली आहे, आणि काही वेळा फार चांगल्या रीतीने झाली आहे. पण बहुतेक वेळा ती मध्येच सोडून दिली गेली, आणि अर्धवट सोडलेल्या तपासणीचा सगळा भार रुग्णावर पडला.

बिवळा, म्हणजेच वैद्यांचा असन किंवा विजयसार, हा आपल्या पानझडी जंगलांतला मोठा वृक्ष. सालीवर घाव घातला की तांबडा डिंक पाझरतो, फुले पिवळी, आणि शेंग चपटी, वाटोळी, कडेने पंखासारखी पातळ. घराच्या तुळयांसाठी, चौकटींसाठी, शेतीच्या अवजारांसाठी हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. सुश्रुतसंहितेतल्या सालसारादी गणात असन आहे आणि तो गण प्रमेहावर सांगितला आहे. प्रमेहाचे 20 प्रकार, त्यांतला मधुमेह, गोड लघवीकडे धावणाऱ्या मुंग्या, हे सगळे त्या परंपरेने बारकाईने पाहिले होते. अशा निरीक्षणाला मी मोठा मान देतो. मात्र त्या काळी रक्तातली साखर मोजता येत नव्हती, हेही लक्षात ठेवावे लागते. लघवी कमी झाली, तहान शमली, अंगात थोडी ताकद आली, एवढेच वैद्याला दिसू शकत होते. ग्रंथातला उल्लेख हे तपासणी सुरू करण्यासाठी उत्तम कारण आहे. त्याने तपासणी पूर्ण होत नाही.

तपासणी अवघड का असते, हे इथे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढची सगळी प्रकरणे त्यावर उभी आहेत. एखाद्या माणसाला पन्नाशीत मधुमेह असल्याचे कळते. उपाशीपोटीची साखर 180 येते. घरात काळजी पसरते. तो चहातली साखर बंद करतो, रात्रीचा भात सोडतो, सकाळी चालायला जाऊ लागतो, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी आणून दिलेले चूर्णही सुरू करतो. दोन महिन्यांनी साखर 130 येते. तो मनापासून सांगतो की चूर्णाने गुण आला. तो खोटे बोलत नाही. पण श्रेय चूर्णाचे, चालण्याचे की सोडलेल्या भाताचे, हे त्या एका माणसाकडे पाहून कुणालाही ठरवता येणार नाही. शिवाय माणूस तपासणीला जातो तो बहुधा त्रास वाढलेला असताना, साखर नेहमीपेक्षा चढलेली असताना. ती नंतर आपोआपही थोडी खाली येते. यातून वाट काढायला एकच उपाय सापडला आहे. सारख्याच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करायचे, दोघांना सारखाच आहार सांगायचा, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी पुडी किंवा आधीच सिद्ध झालेले औषध द्यायचे, आणि कुणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही. मोजमाप करायचे तेही एका दिवसाच्या साखरेचे नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए1सीचे. हा सगळा खटाटोप रुग्णावरच्या किंवा वैद्यावरच्या अविश्वासातून आलेला नाही. आपली आशा आपल्याला फसवू शकते, हे ओळखून केलेली ती व्यवस्था आहे.

आता इतिहासाकडे वळू. इन्सुलिनचा शोध 1921 मध्ये टोरांटोत लागला आणि पुढची काही वर्षे ते महाग व दुर्मीळ होते. साहजिकच भारतीय संशोधकांची नजर आपल्या वनस्पतींकडे वळली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांची शिस्तीने परीक्षा घ्यायला सुरुवात केली. 1925 मध्ये त्यांनी तोंडलीच्या वेलीवरचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: मधुमेही रुग्णांची साखर तिने कमी झाली नाही. 1928 मध्ये गुडमारबद्दलही त्यांचे मत प्रतिकूल गेले. गुडमार म्हणजे मधुनाशिनी, आपल्याकडची बेडकी किंवा कावळी; तिचे पान चघळल्यावर काही वेळ जिभेला साखरेची गोडी कळेनाशी होते. पण दोनच वर्षांनी, 1930 मध्ये, मुंबईच्या हाफकिन संस्थेतून डॉ. कृष्णाजी श्रीपाद म्हसकर आणि फादर कायस यांनी त्याच वेलीवरचा आपला प्रबंध काढला आणि प्राण्यांमध्ये तिच्या पानांनी रक्तातली साखर उतरते, असे नोंदवले. ही घट बहुधा शरीरातल्या इन्सुलिनच्या स्रावाला चालना मिळाल्यामुळे होत असावी, असाही त्यांचा कयास होता.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन्हीकडे कसलेली माणसे होती. चोप्रांचे नाव आजही भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून घेतले जाते. म्हसकर आणि कायस यांनी पुढे कीर्तिकर-बसूंच्या भारतीय औषधी वनस्पतींवरच्या प्रचंड ग्रंथाची दुसरी आवृत्ती ब्लॅटर यांच्यासह सिद्ध केली. अशा दोन ठिकाणांहून दोन वेगळी उत्तरे आली, तेव्हा तिसरी, आणखी काटेकोर चाचणी त्याच दशकात व्हायला हवी होती. मद्रासमधून गुडमारच्या पानांच्या अर्काचा रुग्णांवरचा ठळक अभ्यास आला तो थेट 1990 मध्ये. टाइप 2 मधुमेहाच्या 22 रुग्णांना रोज 400 मिलिग्रॅम अर्क नेहमीच्या औषधांच्या जोडीने 18 ते 20 महिने दिला गेला आणि त्यांपैकी पाच जणांची नेहमीची औषधे बंद करता आली. उमेद वाढवणारा निकाल. पण रुग्ण थोडे, आणि कुणाला काय मिळते आहे हे झाकलेले नव्हते. म्हणजे साठ वर्षांनीही प्रश्न जवळपास तिथेच उभा होता.

तोंडलीची कहाणी याहून बोलकी आहे. चोप्रांनी नाकारलेल्या या वेलीवर 2008 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या संशोधकांनी दुहेरी अंध, म्हणजे कुणाला काय मिळते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही झाकलेली, चाचणी प्रसिद्ध केली. नुकताच मधुमेह निघालेल्या आणि अजून औषध न लागलेल्या 60 रुग्णांपैकी एका गटाला रोज एक ग्रॅम अर्क आणि दुसऱ्याला निरुपयोगी गोळी, असे 90 दिवस चालले. अर्क घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर दुसऱ्या गटाच्या तुलनेत 16 टक्क्यांनी आणि जेवणानंतरची 18 टक्क्यांनी कमी भरली. चोप्रांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे आलेले रुग्ण कोणत्या अवस्थेतले, वेलीचा कोणता भाग, कोणत्या रीतीने काढलेला रस, यांतला फरक निकाल उलटा करू शकतो. शरीरात इन्सुलिन जवळजवळ उरलेच नसेल तर कुठली वेल काय करणार? सौम्य मधुमेहात मात्र तिला वाव असू शकतो. 'वनस्पती निरुपयोगी आहे' आणि 'या रुग्णांत, या मात्रेत तिचा उपयोग दिसला नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि आपल्याकडच्या चर्चेत ती सतत एकमेकांत मिसळली जातात.

बिवळ्याच्या वाट्याला तर एक मोठे वादळ आले. 1980 च्या सुमारास बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी बिवळ्यातून मिळणाऱ्या एपिकॅटेचिन या द्रव्याचे प्रयोग उंदरांवर केले. अॅलोक्सान हे विष टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मारल्या, मग हे द्रव्य दिले, आणि त्या पेशी पुन्हा उगवल्या असा निष्कर्ष काढला. 1981 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मधुमेहात मेलेल्या पेशी परत येणे, ही केवढी मोठी गोष्ट! साहजिकच परदेशांतल्या प्रयोगशाळांनी तेच प्रयोग करून पाहिले. त्यांना ते निकाल मिळाले नाहीत. 1983 मध्ये अमेरिकेतून तसा सविस्तर अहवालही आला. अॅलोक्सान दिलेले काही उंदीर कुठल्याही औषधाविना आपोआप सुधारतात, ही अडचण तेव्हाही माहीत होती. शास्त्राच्या दृष्टीने हा दावा टिकला नाही. पण बाजारातल्या डब्यांवर, जाहिरातींत आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संदेशांत 'विजयसार बीटा पेशी पुन्हा निर्माण करतो' हे वाक्य आजही जिवंत आहे. पहिला निकाल लोकांपर्यंत पोचला, त्याची फेरतपासणी पोचली नाही. याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण हे वाक्य वाचून टाइप 1 मधुमेहाच्या लहान मुलाचे इन्सुलिन थांबवण्याचा विचार एखादे घर करू शकते. इन्सुलिन बंद केले तर असे मूल काही दिवसांत दगावू शकते. या पुस्तकातले काहीही लक्षात राहिले नाही तरी चालेल, हे वाक्य लक्षात राहावे.

माणसांवरची खरी चाचणी हाती घेतली ती भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने. 1998 मध्ये चार केंद्रांवरच्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. नव्याने निदान झालेले किंवा उपचार न घेतलेले 97 रुग्ण, रोज दोन ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत वाढवता येणारी अर्काची मात्रा, आणि 12 आठवडे. 67 जणांची, म्हणजे 69 टक्क्यांची, साखर आटोक्यात आली आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन ग्रॅमच पुरले. उपाशीपोटीची सरासरी साखर 151 वरून 32 ने खाली आली, जेवणानंतरची 216 वरून 45 ने. दुष्परिणाम नोंदले गेले नाहीत. हा 69 टक्क्यांचा आकडा पुढे पुष्कळ फिरला. त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र कुणी सांगत नाही: एचबीए1सी 9.8 वरून 9.4 वर आले. घट खरी होती, पण लहान होती. मेटफॉर्मिन या आजच्या नेहमीच्या गोळीने ती साधारण एक ते दीड अंकाची होते. शिवाय या अभ्यासाला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे आहाराचा वाटा वेगळा काढता येत नव्हता. बारा आठवडे हा एचबीए1सी पुरते बदलायला जेमतेम अवधी, हेही न्यायाने सांगायला हवे.

परिषदेने ही उणीव ओळखली, आणि म्हणूनच पुढची चाचणी दुहेरी अंध पद्धतीने घेतली. विजयसाराची गाठ टॉल्ब्युटामाइड या जुन्या, प्रस्थापित गोळीशी घातली. साडेतीनशेहून अधिक रुग्ण, 36 आठवडे. 2005 मध्ये निकाल छापला गेला: विजयसार घेणाऱ्यांपैकी 86 टक्के आणि टॉल्ब्युटामाइड घेणाऱ्यांपैकी 94 टक्के रुग्णांची साखर आटोक्यात आली. एका झाडाच्या लाकडाने प्रस्थापित गोळीच्या इतके जवळ यावे, हा दखल घेण्याजोगा निकाल होता. तो प्रसिद्ध झाला क्रोएशियातून निघणाऱ्या मधुमेहविषयक नियतकालिकात, जे आपल्या तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरच्या टेबलावर कधी येत नाही. टॉल्ब्युटामाइड स्वतःच तोवर मागे पडत चालले होते. आणि डॉक्टर आज चिठ्ठीवर जी औषधे लिहितात त्यांत विजयसार आला नाही.

इथे पेल्याचा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. आयसीएमआरने तपासला तो मोजून दिलेला अर्क. पेल्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यात किती द्रव्य उतरते ते लाकडाच्या वयावर, गाभा किती आणि बाहेरचे पांढरे लाकूड किती यावर, पेला कितव्यांदा भरला आहे यावर अवलंबून राहणार. 69 टक्के किंवा 86 टक्के हे आकडे त्या पाण्याचे नाहीत. तरी ते त्याच पाण्याच्या नावावर विकले जातात.

शेवटपर्यंत नेलेली तपासणी कशी असते, याची दोन उदाहरणे या पुस्तकात सविस्तर दिली आहेत. एक मुंबईचे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला; तीन वर्षांत स्विस रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले आणि जगभर रक्तदाबावर ते वापरले गेले. दुसरे उदाहरण थेट मधुमेहाचे. गॅलेगा ही युरोपातली एक रानवनस्पती. ती गुरामेंढ्यांना विषारी ठरते. तिच्यातले गॅलेजिन साखर उतरवते हे कळल्यावर ते माणसांवर वापरून पाहिले गेले, पण ते फार विषारी निघाले. त्याच्या रासायनिक कुळातले मेटफॉर्मिन 1922 मध्येच तयार झाले होते. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते 1957 मध्ये रुग्णांना दिले, अमेरिकेने 1994 मध्ये मान्यता दिली, आणि त्याने मधुमेहींचे मृत्यू कमी होतात हे ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने 1998 मध्ये दाखवले. आज जगात सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या गोळीमागे ही एवढी लांब वाटचाल आहे. त्यात प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आधीच्या माणसाचे काम पुढे उचलले.

आपल्याकडे कायदा काय सांगतो, याचे एक प्रकरण आहे. ते रुक्ष वाटले तरी वाचावे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या जादूई उपचारविरोधी कायद्याने बंदी आहे. दुसरीकडे ग्रंथात सांगितलेले औषध ग्रंथोक्त उपयोगासाठी विकायचे असेल तर ते गुणकारी असल्याच्या नव्या चाचण्या मागितल्या जात नाहीत. या दोन नियमांच्या मधल्या जागेत मोठा बाजार उभा आहे. ज्याला चाचणीशिवायच माल विकता येतो, तो चाचणीवर पैसे का घालील? आणि झाडाच्या साध्या अर्कावर पेटंटचे संरक्षण मिळणे कठीण, म्हणून मोठी औषध कंपनीही फिरकत नाही. उरते ते सरकार. आयसीएमआरच्याच पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या ज्यांना महिन्याच्या गोळ्या परवडत नाहीत किंवा गावात मिळत नाहीत, त्यांच्यासाठी हा प्रश्न सरकारनेच हाती घ्यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

बिवळ्याच्या बाबतीत एक हिशेब आधीच मांडावा लागेल. रोज दोन ग्रॅम म्हणजे एका रुग्णाला वर्षाला 730 ग्रॅम अर्क. एक कोटी रुग्णांना 7,300 टन. तेवढ्या अर्कासाठी लाकूड त्याच्या कितीतरी पट लागणार, आणि गाभा मिळवायचा तर झाड पाडावेच लागते. गाभा भरायला दशके लागतात, बी सहज रुजत नाही, आणि हा वृक्ष आताच धोक्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोजला जातो. म्हणून पानांत, फांद्यांत, सालीत उपयोगी द्रव्ये किती आहेत हे मोजण्याचे काम रुग्णांवरच्या चाचणीच्या बरोबरीने चालले पाहिजे. औषध सिद्ध झाले आणि सह्याद्रीतले बिवळे संपले, तर ते यश कुणाच्या उपयोगाचे?

पुढची चाचणी कशी असावी, याची रूपरेषा मी शेवटच्या प्रकरणात दिली आहे. इथे तिचा गाभा सांगतो. मेटफॉर्मिन घेऊनही ज्यांचे एचबीए1सी वरच राहते अशा रुग्णांना, मेटफॉर्मिन चालू ठेवूनच, बिवळ्याचा अर्क किंवा तशीच निरुपयोगी कॅप्सूल द्यावी. सगळा अर्क एकाच घाण्याचा, त्यातल्या टेरोस्टिल्बीनसारख्या द्रव्यांचे प्रमाण मोजलेला असावा. किमान सहा महिने, निकष एचबीए1सी, आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने. आयुर्वेद महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय या दोघांनी मिळून ती चालवावी; महाराष्ट्रात अशी जोडी शेजारी-शेजारी असलेली शहरे अनेक आहेत. चाचणी सुरू होण्याआधीच भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिची नोंद व्हावी. अर्क कुणी पुरवला आणि पैसे कुणी दिले हे त्या नोंदीत लिहिलेले असावे, आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो मराठीसह सगळ्या भाषांत छापला जाईल ही अट, पहिल्या रुग्णाची संमती घेण्याआधी, करारातच घातलेली असावी.